नाक्यावरचा हवालदार कुठे गेला?

महाड आणि पोलादपूरच्या वाचकांमध्ये पुस्तकं फिरवायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. ग्रंथालय म्हणण्याइतका पसारा नाही. दोन कपाटं, एक वही आणि महिन्यातून एकदा जमणारी मंडळी, एवढंच. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा खालच्या कप्प्यातले चरित्रग्रंथ गेले, वरच्या कप्प्यातल्या रहस्यकथा वाचल्या. माफिया, टोळीयुद्ध, टोळीत वेष बदलून शिरलेला पोलीस, या जातीच्या कादंबऱ्यांना तशीही आमच्याकडे मागणी फार. त्यांच्यावर लोक काय बोलतात ते ऐकता ऐकता काही गोष्टी ध्यानात आल्या. इथे लिहितो.

१. ‘एका बैठकीत संपवली’ हे मत नव्हे.

ती पोच आहे. पुस्तक परत देताना सगळेच असं म्हणतात. खरं मत आठ-पंधरा दिवसांनी दुसऱ्याच कशावर तरी बोलताना बाहेर पडतं. तोवर मी विचारत नाही.

२. आमच्याकडचा वाचक डॉनआधी नाका बघतो.

मुंबईच्या वाचकाला टोळीची गोष्ट डोंगरीत नाहीतर भायखळ्यात घडताना दिसते. रायगडच्या माणसाला ती फाट्यावर घडताना दिसते, आणि त्याला कारण आहे. ९ जानेवारी १९९३ च्या रात्री श्रीवर्धन तालुक्यात दिघीला शस्त्रं उतरली. महाडहून गाडीने दोन-अडीच तासांचं अंतर. माल घेऊन निघालेल्या गाड्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्या. म्हणजे नाकाबंदी झाली, गाड्या सापडल्या, पुस्तकात होतं तसं सगळं झालं. मग घासाघीस झाली. रोकड पुरेशी नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवल्या गेल्या, आणि गाड्या सुटल्या. पुढच्या महिन्यात शेखाडीला आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईत बारा ठिकाणी स्फोट झाले, २५७ माणसं गेली, ७१३ जखमी झाली. टाडा न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवलं त्यांत एका फौजदारासह इथले पोलीस होते, कस्टमचे अधिकारी होते. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला २१ मार्च २०१३ उजाडला.

हे ज्यांच्या जिल्ह्यात घडलं त्यांना कादंबरीतला दुबईचा फोन फारसा हलवत नाही. गोवा रस्त्यावर आयुष्यभर ट्रक चालवलेला आमचा एक सभासद आहे. एका गाजलेल्या पुस्तकाबद्दल तो म्हणाला, “लेखकाने माल किनाऱ्यावरून पनवेलला एका वाक्यात आणला. मधे नाके किती, त्याला ठाऊक तरी आहे का?” त्या पुस्तकाची मी वाचलेली सगळी परीक्षणं या एका प्रश्नापुढे फिकी आहेत. गुन्हा घडला तो त्या गाळलेल्या रस्त्यावर. पुढचे स्फोट आणि पाठलाग हा त्याचा परिणाम. चारशे पानांत जो लेखक परिणामच लिहितो, त्याला माफिया कळलेला नाही, सिनेमा कळला आहे.

३. निवृत्त पोलिसाला पुस्तक द्यावं, आणि मग त्याच्याशी वाद घालू नये.

आमच्यात एक हवालदार आहेत, सेवा संपल्यावर पोलादपूरजवळच्या गावी परतलेले. कादंबरीत वेष बदललेला अधिकारी टोळीत वर्षभर राहतो, नायक ठरतो. काका विचारतात, “याची नोंद कुठल्या स्टेशन डायरीत? मुद्देमाल कोणी जप्त केला? पंच कोण? पंच फुटले तर?” मंडळी हसतात. पण काकांचा मुद्दा बिनतोड आहे. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब साध्या कायद्यात पुरावा म्हणून चालत नाही. टाडात तो चालायचा आणि १९९९ च्या मकोकात चालतो, पण अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला असेल तर. म्हणजे नायकाने जिवावर उदार होऊन टोळीच्या तोंडून जे वदवून घेतलं, ते न्यायालयात टिकवायचं म्हणजे निराळीच लढाई. ती कादंबरीत कधीच नसते, कारण तिथे गोळी झाडली की खटला निकाली निघतो.

काकांचं दुसरं म्हणणं असं की आपल्याकडे टोळीत मुरलेला पोलीस क्वचित, खबऱ्या मात्र पावलोपावली. त्याला पगार नाही, पेन्शन नाही, मेला तर सलामी नाही. ‘त्याच्यावर लिहा की’, असं ते दर बैठकीत कोणाला तरी सांगतात, जणू समोर लेखकच बसले आहेत.

४. बहिर्जी नाईकांचं नाव निघणारच. निघू द्यावं, पण तिथे थांबू नये.

रायगड किल्ला महाड तालुक्यात, प्रतापगडाची वाट पोलादपुरातून आंबेनळी घाटाने वर जाते. वेषांतराचा विषय निघाला की इथला शाळकरी मुलगाही महाराजांच्या हेरांवर येतो. बखरीत बहिर्जींविषयी थोडकंच आहे. सोंगं घेणारे बहिर्जी आपल्या मनात आहेत ते बरेचसे नंतरच्या कथा-कादंबऱ्यांनी उभे केलेले. म्हणून तुलना करताना मी एक फरक दाखवतो. राज्याचा हेर शत्रूच्या मुलखात जातो आणि काम करून आपल्या मुलखात परततो. टोळीत शिरलेल्या पोलिसाला परतायला वेगळा मुलूखच नसतो. ज्याच्या पोराच्या बारशाला जेवला, त्याच्याच हातात बेड्या घालून तो त्याच शहरात राहतो.

५. बायकांची मतं आधी ऐकावी.

बैठकीत पुरुष आधी बोलले की चर्चा पिस्तुलांच्या बनावटीवर जाते. म्हणून आता मी बायकांपासून सुरुवात करतो. पोलादपूरच्या एका परिचारिकेने एफबीआयच्या जोसेफ पिस्टोनची हकीकत वाचली. न्यूयॉर्कच्या बोनानो टोळीत हा माणूस १९७६ ते १९८१ ‘डॉनी ब्रास्को’ नावाने, हिऱ्या-दागिन्यांचा चोर म्हणून वावरला. १९८८ मध्ये त्याचं पुस्तक आलं, १९९७ मध्ये चित्रपट. शंभरावर माणसांना त्याच्यामुळे शिक्षा झाल्या. बाईंनी विचारलं, “एवढी वर्षं घरी भाजी कोण आणत होतं?”

प्रश्न हसण्यावारी गेला, पण मी तो वहीत लिहून ठेवला. पिस्टोनच्या बायको-मुलींना नाव बदलून, घरं बदलत राहावं लागलं. आणि टोळीत ज्याने त्याची हमी घेतली होती तो सॉनी ब्लॅक, खरं बाहेर आल्यावर काही आठवड्यांतच टोळीकडून मारला गेला. गुंडच होता, पण त्याचा गुन्हा कोणता? विश्वास ठेवला हा? ब्रिटनमध्ये तर हे प्रकरण आणखी पुढे गेलं. आंदोलकांच्या गटांत वर्षानुवर्षं राहिलेल्या पोलिसांनी तिथल्या बायकांशी खोट्या नावाने संसारासारखे संबंध ठेवले. ते उघड झाल्यावर २०१५ मध्ये सरकारला चौकशी नेमावी लागली. खोटं बोलणारा शौर्यपदक घेऊन जातो आणि त्या खोट्याची किंमत त्याच्या आसपासचे मोजतात. कादंबरीने हा हिशेब मांडला आहे का, ही माझी आता पहिली कसोटी आहे. बहुतेक पुस्तकं तिथेच नापास होतात.

६. पोरांना डॉन आवडतो. त्यांना उपदेश करू नये.

एमआयडीसीत पाळ्या करणारी मुलं येतात, त्यांना ‘गॉडफादर’ हवं असतं. मारिओ पुझोने १९६९ मध्ये ते लिहिलं तोपर्यंत त्याला खरा गुंड भेटला नव्हता, हे त्यानेच सांगून ठेवलंय. हे ऐकून मुलं हिरमुसतात, मग पुन्हा वाचतात. आपल्याकडेही बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार उभा केला आणि कायद्याबाहेरच्या माणसावर प्रेम करायला मराठी वाचकाच्या दोन पिढ्या शिकल्या. सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद त्याच वाटेवरचा. यात बिघडलं काही नाही.

मात्र पोलादपूर तालुक्यातल्या जुन्या मंडळींना हे प्रेम पटत नाही. त्यांची अर्धी हयात लालबाग-परळच्या खोल्यांत गेली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या गेल्या, आणि शेजारची काही बेकार पोरं कोणाच्या आसऱ्याला गेली हे त्यांनी चाळीच्या गॅलरीतून पाहिलं. एक गिरणी कामगार म्हणाले, “डॉन मोठा वाटतो तो पुस्तकात. चाळीत तो फक्त शेजारणीचा वाया गेलेला मुलगा.” मुलं गप्प झाली. मी बोललो असतो तर झाली नसती.

७. खलनायकाचं नाव काय, हे मोठ्याने विचारावं.

आमच्यातला एक वाचक मुसलमान आहे, व्यवसायाने शिक्षक. एकदा तो शांतपणे म्हणाला, “या पुस्तकांत मला दोनच भूमिका मिळतात, डॉन किंवा खबऱ्या.” खोलीत अवघडलेपण आलं, पण बोलणं थांबलं नाही, याचा मला आनंद आहे. १९९३ च्या खटल्यातली दोषींची यादी बघा. किनाऱ्यावर माल उतरवणारे, पैसे घेऊन गाड्या सोडणारे, डोळेझाक करणारे साहेब, यांत दोन्ही धर्मांची नावं आहेत. लाच घेताना कोणी धर्म विचारला नव्हता. कादंबरीकार मात्र नाव ठेवतानाच निम्मा निकाल देऊन टाकतो. हा आळस आहे, आणि वाचकाने तो खपवून घेऊ नये.

८. परीक्षणात तारे देऊ नयेत.

आमच्या वहीत तारे नाहीत. प्रत्येकाने फक्त एक ओळ लिहायची, पुस्तकातला कोणता माणूस खरा वाटला. डॉनचं नाव लिहिणारे थोडे, नायकाचं त्याहून थोडे. बहुतेक ओळी चहावाला, चालक, नायकाची आई, चौकीतला लेखनिक अशांवर आहेत.

गोंडघर फाट्यावर त्या रात्री उभा असलेल्या हवालदाराच्या बाजूने लिहिलेली मराठी कादंबरी अजून माझ्या हाती आलेली नाही. हातात काठी, समोर ट्रक, साहेब बाजूला बोलतो आहे, आणि आपल्या वाट्याला किती येईल याचा मनात हिशेब. साध्या वेषातल्या कुठल्याही नायकापेक्षा मला हा गणवेशातला माणूस वाचायचा आहे. तुमच्यापैकी कोणी ती लिहीत असेल तर रस्ता गाळू नका. छापून आली की एक प्रत महाडला पाठवा. ट्रकवाला आणि हवालदार काका, दोघांनाही वाचायला देईन, आणि त्यांची मतं जशीच्या तशी कळवीन.