चार आण्याची स्पर्धा, बारा आण्याचा मसाला

मुलांच्या ग्रुपवर कोडिंग किंवा ॲप स्पर्धेचे पोस्टर आले की घरातला पहिला प्रश्न फीचा असतो. खरे तर नावाजलेल्या स्पर्धांपैकी बऱ्याच प्रवेशासाठी एक पैसा घेत नाहीत. 2017 पासून केंद्र सरकारतर्फे होणाऱ्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनला फी नाही. 8 ते 18 वयाच्या मुलींसाठी असलेल्या टेक्नोव्हेशन गर्ल्सला नाही, ॲपलच्या स्विफ्ट स्टुडंट चॅलेंजलाही नाही. न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये राहणाऱ्या भाच्यांसाठी तिथली काँग्रेशनल ॲप चॅलेंज आहे, तीही फुकट. पैसे जातात ते स्पर्धेच्या आजूबाजूला.

फी घेणाऱ्यांचे दोन प्रकार. कॉलेजांच्या टेकफेस्टमध्ये संघामागे दोनशे-पाचशे रुपये मागतात, त्यात दुपारचे जेवण आणि चहा निघतो, त्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्या प्रकारापासून मात्र सांभाळून राहावे. नावात 'इंटरनॅशनल' आणि 'ऑलिंपियाड', पहिली फेरी घरबसल्या, त्यात जवळपास सगळेच उत्तीर्ण, मग दुसऱ्या फेरीचे हजार, पदकाचे वेगळे, 'तयारी वर्गा'चे त्याहून वेगळे. अशा ठिकाणी तीन गोष्टी विचाराव्यात: परीक्षक कोण, मागच्या वर्षीचे विजेते ॲप कुठे पाहायला मिळेल, आणि माघार घेतली तर पैसे परत कधी. उत्तराऐवजी 'आज शेवटचा दिवस' असे ऐकू आले, तर फोन ठेवावा. जाहिरातींनाही भुलू नये. 2020 साली लहान वयात कोट्यवधींची नोकरी मिळवणारा 'वुल्फ गुप्ता' जाहिरातींतून घरोघरी पोहोचला होता. असा कुणी मुलगाच नव्हता. त्याच वर्षी जाहिरात मानक परिषदेने हरकत घेतल्यावर कोडिंगचे वर्ग चालवणाऱ्या व्हाइटहॅट ज्युनियरने पाच जाहिराती मागे घेतल्या.

आता लॅपटॉप. स्पर्धेच्या निमित्ताने चाळीस-पन्नास हजारांची खरेदी काढायची गरज बहुधा नसते. शाळकरी मुलांना एमआयटी ॲप इन्व्हेंटर पुरतो. तो ब्राउझरमध्ये चालतो, फुकट आहे आणि तयार होणारे ॲप घरातल्या अँड्रॉइड फोनवर लगेच दिसते. कॉलेजच्या मुलांना अँड्रॉइड स्टुडिओ लागतो. त्याला 8 जीबी रॅम ही कमीत कमी गरज, आणि संगणकातला आभासी फोन, म्हणजे एम्युलेटर, सुरू केला की तीही अपुरी पडते. उपाय साधा आहे: एम्युलेटर बंद ठेवा, खरा फोन केबलने जोडा, त्यात यूएसबी डिबगिंग सुरू करा. तरीही लॅपटॉप रखडत असेल, तर रॅम वाढवता येते का, साधी हार्डडिस्क काढून एसएसडी बसते का, हे आधी दुरुस्तीवाल्याला विचारावे. ॲपलच्या स्पर्धेला मात्र मॅक किंवा आयपॅड लागतोच. तो घरात नसेल, तर फुकटच्या स्पर्धेसाठी पस्तीस हजारांचा आयपॅड घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे दरवर्षी साडेतीनशे विजेते निवडतात, तेही साऱ्या जगातून.

सगळ्यात फसवा खर्च सर्व्हरचा, कारण सुरुवातीला तो शून्य असतो. गूगलच्या फायरबेसचा मोफत प्लॅन स्पर्धेच्या ॲपला भरपूर होतो. त्याच्या डेटाबेसमध्ये दिवसाला 50 हजार वाचने आणि 20 हजार नोंदी फुकट. पण मुलांना लॉगिनला ओटीपी हवाच असतो, त्याशिवाय ॲप 'खरे' वाटत नाही! एसएमएसने ओटीपी पाठवायचा तर फायरबेस सशुल्क प्लॅन आणि कार्ड मागतो. ईमेलचे किंवा गूगलचे लॉगिन ठेवले की प्रश्न मिटतो, आणि परीक्षक त्यासाठी गुण कापत नाहीत. नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप वापरला, तर तिथेही कार्ड द्यावे लागत नाही.

कार्ड जोडावेच लागले, तर बजेटची सूचना लावा. ती सूचनाच असते, खर्च थांबवत नाही, हे मात्र ध्यानात असू द्या. आणि एपीआय की, म्हणजे ती सेवा तुमच्या नावाने वापरायची किल्ली, गिटहबवरच्या उघड्या कोडमध्ये टाकू नका. रात्री दोनला घाईघाईत सगळा कोड अपलोड करताना ती की असलेली फाइलही हमखास सोबत जाते. अशा किल्ल्या शोधत फिरणारे प्रोग्रॅम असतात. वापर त्यांचा, बिल तुमचे. की चुकून गेलीच, तर फाइल पुसून भागत नाही, जुन्या इतिहासात ती राहते. ती की रद्द करून नवी घ्यावी. विद्यार्थ्यांचे ओळखपत्र दाखवून गिटहबचा स्टुडंट पॅक मिळतो, त्यात बरीच विकतची साधने फुकट येतात. काही विकत घेण्याआधी तो पाहावा.

ॲप प्ले स्टोअरवर टाकायचेच का? बऱ्याच स्पर्धांना डेमो व्हिडिओ, कोड आणि फार तर एपीके फाइल हवी असते. नियमावलीत 'प्रकाशित' असा शब्द नसेल, तर हा खर्च सरळ टाळा. टाकायचेच झाले, तर गूगल एकदाच 25 डॉलर घेते, म्हणजे सुमारे बावीस-तेवीसशे रुपये, वर बँकेचे परकीय व्यवहाराचे शुल्क. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बहुधा बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करावे लागतात. खाते उघडायला 18 वर्षे पूर्ण हवीत, त्यामुळे शाळकरी मुलाचे ॲप आई-बाबांच्या नावाने जाते. शिवाय नव्या वैयक्तिक खात्याला बारा जणांकडून सलग 14 दिवस ॲपची चाचणी करून घ्यावी लागते. आत्या, काका, शेजारच्या वहिनी असे बारा फोन गोळा होतात, पण मुदत आठवड्यावर आली असेल तर उपयोग नाही. ॲपलच्या स्टोअरचे सदस्यत्व वर्षाला 99 डॉलर. स्विफ्ट स्टुडंट चॅलेंजच्या विजेत्यांना ते वर्षभर फुकट मिळते.

मोठा मसाला प्रवासाचा. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये सहा जणांचा संघ लागतो, त्यात किमान एक मुलगी हवी, आणि नाव कॉलेजमार्फतच जाते. कॉलेजातली फेरी, मग सादरीकरण पाठवणे, इथवर खर्च नाहीच. अंतिम फेरीला मात्र सॉफ्टवेअर गटात 36 तास सलग काम असते आणि केंद्र देशात कुठेही येऊ शकते. पुण्याहून दिल्लीचे स्लीपरचे तिकीट माणशी साधारण सहा-सातशे, थर्ड एसीचे सतराशे-अठराशे. सहा जणांचे येणे-जाणे धरले, तर स्लीपरने आठ हजार, एसीने वीस-बावीस हजार. तारीख उशिरा कळली आणि तत्काळमध्ये काढावे लागले, तर आणखी जास्त. कॉलेज किती देणार, आधी देणार की बिले दाखवल्यावर, हे विभागप्रमुखांकडून लेखी घ्यावे. 'बघू आपण' यावर तिकिटे काढू नयेत. आधीच्या बऱ्याच वर्षी, स्पर्धेत दिलेल्या एका समस्येच्या विजेत्या संघाला लाखाचे बक्षीस होते. सहा जणांत वाटले की हाती साधारण साडेसोळा हजार. जिंकण्याच्या भरवशावर उसने घेण्याइतकी ही रक्कम नाही.

किरकोळ खर्चात सादरीकरणाचे पोस्टर. प्लॉटरवर रंगीत प्रिंट काढण्यापेक्षा चौकातल्या फ्लेक्सवाल्याकडे तीन बाय दोनचा फ्लेक्स शंभर-दीडशेत होतो. फक्त फाइल त्याच्याच संगणकावर उघडून देवनागरी जोडाक्षरे तुटली नाहीत ना, हे छापण्यापूर्वी पाहा.

एकूण हिशेब असा: शाळकरी मुलाला घरातल्याच लॅपटॉपवर पाचशे-हजारात भागते. कॉलेजच्या संघाने स्टोअर आणि प्रवास धरून माणशी दोन ते चार हजार बाजूला ठेवावेत.

फी भरून स्पर्धा झालीच नाही, किंवा कबूल केलेले मिळाले नाही, तर पोस्टर, पावती आणि चॅटचे स्क्रीनशॉट घेऊन 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. त्याने काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे दाखल शुल्क नाही. तक्रारीला पुरावा लागतो, म्हणून फी भरताना पैसे कुणाच्या खासगी यूपीआयवर पाठवू नका, संस्थेच्या नावाची पावती मागा.