सी लिहायचा की एस?

प्रश्न : मी एका पतसंस्थेत इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळते. ‘ॲडव्हाइस’, ‘प्रॅक्टिस’, ‘लायसन्स’ या शब्दांत सी कुठे आणि एस कुठे, यावरून आमच्या साहेबांशी नेहमी वाद होतो. नियम काय?

उत्तर : ब्रिटिश पद्धतीत नामाला सी, क्रियापदाला एस. आपली सरकारी कागदपत्रंही साधारण हीच पद्धत पाळतात. 1988च्या मोटार वाहन कायद्यातलं ‘ड्रायव्हिंग लायसन्स’ सी घालूनच छापलेलं आहे.

‘ॲडव्हाइस’चं काम कानच करतो. सल्ला म्हणजे ‘ॲडव्हाइस’, सल्ला देणं म्हणजे ‘ॲडव्हाइझ’. गोची होते ती उरलेल्या दोघांत, कारण तिथे नाम आणि क्रियापद उच्चाराला सारखेच. अशा वेळी त्या जागी ‘ॲडव्हाइस’ बसवून बघा. डॉक्टरांची ‘प्रॅक्टिस’ जोरात चालते, इथे ‘ॲडव्हाइस’ व्याकरणात बसतं, म्हणून सी. मुलगी रोज तबला ‘प्रॅक्टिस’ करते हे इंग्रजीत लिहिताना मात्र ‘ॲडव्हाइझ’ बसेल, म्हणून एस. अर्थ विचित्र होईल, होऊ द्या.

साहेबही कदाचित चुकत नसतील. अमेरिकेत ‘प्रॅक्टिस’ दोन्हीकडे सीने आणि ‘लायसन्स’ दोन्हीकडे एसने लिहितात. संगणकाची भाषा अमेरिकन इंग्रजी असेल, तर तुमच्या बरोबर शब्दाखालीही लाल रेघ येईल. ‘ॲडव्हाइस’चा नियम मात्र दोन्हीकडे एकच.

जाता जाता, ‘ॲडव्हाइसेस’ असं अनेकवचन सल्ल्यासाठी लिहू नका. सल्ले कितीही असोत, इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’च. आधी कार्यालयाने एक पद्धत ठरवावी आणि संगणकाची भाषाही त्याप्रमाणे बदलून घ्यावी.