इलेक्ट्रॉन किती वेळ धावतो? टोपोलॉजिकल इन्सुलेटर आणि फेम्टोसेकंदाचे घड्याळ

इन्सुलेटर म्हटले की विजेच्या खांबावरची चिनीमातीची वाटी आठवते. करंट जाऊ देत नाही तो इन्सुलेटर, हे आपण बारावीपासून घोकत आलोय. पण बिस्मथ सेलेनाइड, बिस्मथ टेल्युराइड असे काही पदार्थ आहेत, की जे तत्त्वतः आतून इन्सुलेटर आणि पृष्ठभागावर मात्र वाहक! यांना टोपोलॉजिकल इन्सुलेटर म्हणतात. यातले बिस्मथ टेल्युराइड काही परग्रहावरचे नाही. लॅबमधल्या छोट्या पेल्टिअर कूलरमध्ये त्याचीच मिश्रणे असतात.

असे का होते?

आपला धारूरचा किल्ला डोळ्यांसमोर आणा. आत शुकशुकाट आणि तटावरून मात्र पहारेकऱ्यांची ये-जा, असे समजा. फरक एवढाच, की किल्ल्याचा तट ढासळला तर वाट तुटते. इथे स्फटिक फोडला, तर नव्या पृष्ठभागावर तीच वाट आपोआप तयार होते. कारण बिस्मथसारख्या जड अणूंमध्ये इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची गती यांचा परस्परसंबंध जबरदस्त असतो. त्यामुळे पदार्थाच्या आत बँडचा क्रम उलटा होतो. बाहेर हवेत क्रम सरळ, आत उलटा. मग सीमेवर बँड गॅप कुठेतरी मिटलीच पाहिजे. ती जिथे मिटते तिथे इलेक्ट्रॉनला रस्ता मिळतो.

या रस्त्याचा नियम घाटासारखा आहे. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर धारूरच्या घाटात मध्येच वळवून मागे फिरवता येईल का? नाही. पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनचेही तसेच. त्याची दिशा आणि स्पिन एकमेकांना बांधलेले असतात. सरळ मागे फिरायचे तर स्पिनही उलटा करावा लागतो आणि साध्या, चुंबकीय नसलेल्या अशुद्धीला ते जमत नाही. मात्र बंदी आहे ती फक्त पूर्ण १८० अंशाच्या यू-टर्नला. तिरके वळायला मुभा आहे, हे परीक्षेत लिहायला विसरू नका.

मोजायचे कसे?

आता खरा प्रश्न. नियम कागदावर झकास, पण इलेक्ट्रॉन प्रत्यक्षात न अडखळता किती वेळ धावतो? इथे कॉलेजचा ऑसिलोस्कोप कामाचा नाही. वेळ मोजायची ती फेम्टोसेकंदात, म्हणजे एका सेकंदाचे एकावर पंधरा शून्ये इतके भाग केले तर त्यातला एक!

यावर युक्ती अशी: लेसरचा एक अतिसूक्ष्म झटका, म्हणजे पंप, इलेक्ट्रॉनला डिवचतो. थोड्या वेळाने दुसरा अतिनील झटका, म्हणजे प्रोब, इलेक्ट्रॉन बाहेर काढतो. त्याची ऊर्जा आणि कोन मोजला, की तो आत किती ऊर्जेचा आणि कोणत्या वेगात होता ते कळते. मधला वेळ बदलायला घड्याळ लागत नाही, आरसा लागतो! प्रकाश एका फेम्टोसेकंदात ०.३ मायक्रोमीटर जातो. आरसा ०.१५ मायक्रोमीटर मागे सरकवला, की जाऊन-येऊन बरोबर एक फेम्टोसेकंद उशीर. वेळेचे मोजमाप मेकॅनिकलवाल्यांच्या हातात आले, बघा!

या पद्धतीने २०१२ साली स्टॅनफर्डच्या गटाने बिस्मथ सेलेनाइडमध्ये पाहिले, की पृष्ठभागावरचे उत्तेजित इलेक्ट्रॉन १० पिकोसेकंदांहून अधिक टिकतात. कारण आतला कंडक्शन बँड त्यांना पुरवठा करत राहतो. पाऊस थांबल्यावरही पाझर तलाव खालच्या विहिरींना पाणी देतो ना, अगदी तसे.

पुढे २०१८ मध्ये जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग आणि मारबुर्गच्या संशोधकांनी बिस्मथ टेल्युराइडवर टेराहर्ट्झ लहर सोडली आणि तिच्या एकाच आवर्तनात इलेक्ट्रॉन कसे पळतात याची जणू चित्रफीत घेतली. न अडखळता धावण्याचा काळ एक पिकोसेकंदाहून जास्त निघाला. वहीत मांडून बघा: वेग ढोबळमानाने सेकंदाला ५ लाख मीटर, वेळ १ पिकोसेकंद, म्हणजे अंतर ५०० नॅनोमीटर. खोलीच्या तापमानाला तांब्यात हेच अंतर सुमारे ४० नॅनोमीटर. पदार्थ आणि परिस्थिती वेगळी आहे, म्हणून तुलना ढोबळच. पण फरक लक्षात यावा.

आपल्याला काय त्याचे?

प्रोसेसरचा क्लॉक २००५ च्या सुमारास ३-४ गिगाहर्ट्झला अडखळला, त्यानंतर तो रखडतच वाढला. मुख्य अडचण उष्णतेची. मे महिन्यात हॉस्टेलवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. इलेक्ट्रॉन कमी धडकले तर उष्णता कमी. आणि व्होल्टेजऐवजी प्रकाशाच्या लहरीनेच त्याला हाकले, तर स्विचिंग हजारपट वेगाने होऊ शकेल, अशी आशा आहे. पण बाजारातला चिप अजून दूर आहे. बिस्मथ सेलेनाइडच्या स्फटिकात सेलेनियमच्या जागा रिकाम्या राहतात, त्यातून आतही इलेक्ट्रॉन वाढतात आणि इन्सुलेटर आतून गळका होतो. हा गळका नळ दुरुस्त करणे हे अभियंत्यांचेच काम.

हे सगळे परदेशातच चालते असेही नाही. पवईला आयआयटी मुंबईत प्रा. गोपाल दीक्षित यांचा गट तीव्र लेसरखाली घन पदार्थांतले इलेक्ट्रॉन कसे वागतात याचे सैद्धांतिक काम करतो. २०२१ मध्ये त्यांनी बर्लिनच्या मॅक्स बॉर्न इन्स्टिट्यूटमधील सहकाऱ्यांबरोबर दाखवले, की दोन रंगांचा लेसर योग्य आकारात मिसळला तर ग्राफीनमधल्या इलेक्ट्रॉनना हव्या त्या 'व्हॅली'त पाठवता येते. ग्राफीन म्हणजे टोपोलॉजिकल इन्सुलेटर नव्हे, पण त्याच्या इलेक्ट्रॉनचे गणित याच्या पृष्ठभागाच्या अगदी जवळचे. आणि अशा कामाला कोट्यवधींचा लेसर लागत नाही. गणित, संगणक आणि चिकाटी लागते.

टोपोलॉजीच्या पायाभूत कामाला २०१६ चे आणि त्याहूनही सूक्ष्म, अॅटोसेकंद झटक्यांना २०२३ चे भौतिकीचे नोबेल मिळाले. दोन्ही वाटा जिथे मिळतात तिथे अजून गर्दी नाही. तेव्हा पहिल्या वर्षाला बँड थिअरीचा प्रश्न ऑप्शनला टाकणाऱ्यांनो, ते प्रकरण पुन्हा उघडा. पुढचा रस्ता तिथूनच सुरू होतो!