हात जातो तेच सोड

बापू, चातुर्मासाचा नेम धरतोस तर धर. पण 'कारलं सोडलं' म्हणून सांगत फिरू नको. एरवीही ताटाच्या कडेला सारतोस ते सोडून देवाला काय मिळणार! दिवसभर ज्याच्याकडं हात जातो तेच सोड. आपल्या धानोऱ्याकडं ती वस्तू म्हणजे तंबाखूचा खर्रा.

आषाढी येते ती ऐन रोवणीत. वाकून वाकून कंबर धरली की बांधीत कोणीतरी खर्ऱ्याची पन्नी काढतंच, आणि नाही म्हटलं तर समोरच्याला राग येतो. म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाक, 'कार्तिकीपर्यंत माझा नेम आहे.' डॉक्टरचं नाव सांगशील तर हसतील, एक चिमूट घेच म्हणतील. नेमाला मात्र आपल्याकडं अजून मान आहे.

पहिला आठवडा वाईट. डोकं दुखतं, चिडचिड होते. घरच्यांना आधीच सांगून ठेव. एकेक तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढीच सांभाळायची. तोंडात बडीशेप टाक, लवंग टाक. बिडी नको, तंबाखूच ती. आणि त्याच मिनिटांत नाम घे. एरवी देवाची आठवण सांजच्या दिव्यापुरती; आता तलफच दिवसभर आठवण देत राहील. या नेमाचा खरा लाभ तो. संध्याकाळी तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला जाऊन बस, जेवणाआधीची ती वेळ फार छळते.

आपलंच काही जगावेगळं नाही. बौद्ध वस्तीत आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने वर्षावास चालतो, 'बुद्ध आणि त्याचा धम्म' वाचतात. ख्रिस्ती लोक ईस्टरआधी चाळीस दिवस आवडीचं काही सोडतात. आपले गोंड शेजारी तर पूजा झाल्याशिवाय नव्या धानाचा घास घेत नाहीत.

नेम मधेच मोडला, तर दुसऱ्या दिवशी गुपचूप पुन्हा धर. जड सगळ्यांनाच जातं: 2023 मध्ये अधिक श्रावण आला नि चातुर्मास पाच महिन्यांचा झाला, तेव्हा भलेभले कुरकुरले होते. आणि कार्तिकी झाली म्हणून खर्ऱ्यानं पारणं फेडू नको. एवढे महिने राहिलास, तर पुढंही राहशील.

एकट्यानं निभत नसेल तर लाजू नको. व्यसन सोडवणाऱ्या मुक्तिपथचं काम जिल्ह्यात 2016 पासून चालू आहे, सर्च संस्थेचं शोधग्रामही आपल्याच तालुक्यात, चातगावला. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर मात्र कार्तिकीची वाट पाहू नको. दवाखान्यात जाऊन दाखव.