संधिप्रकाशातील नाताळ

डिसेंबरच्या उत्तरार्धात चेन्नईतील ख्रिस्ती घरांच्या दारांवर कागदी तारे उजळू लागतात. महाराष्ट्रात दिवाळीला आकाशकंदील टांगतात, त्याच जातीची ही शोभा. सान्थोमच्या शुभ्र चर्चवरही रोषणाई होते. तेथे पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात चर्च बांधले होते. आजची गॉथिक धाटणीची वास्तू १८९६ मध्ये पूर्ण झाली. हे दृश्य जपून ठेवावे म्हणून अनेकजण रात्री मोबाईल उंचावतात आणि घरी जाऊन पाहतात तो काय, काळ्या आकाशात एक पांढरा डाग! ताऱ्याचा रंग नाही, कागदावरची नक्षी नाही, मनोरा तर अंधारात विरून गेलेला.

दोष कॅमेऱ्याला देणे सोपे असते. परंतु लख्ख दिवा आणि काळोखी भिंत ही दोन्ही मानवी डोळा जशी सहज पाहतो, तशी कॅमेऱ्याला पेलत नाहीत. भिंत दिसावी म्हणून तो अधिक प्रकाश घेतो आणि दिव्याचा रंग जळून जातो. यावरचा खरा उपाय घड्याळात आहे. सूर्यास्तानंतर आकाश काही काळ गडद निळे असते. तेव्हा आकाशाचा आणि दिव्यांचा उजेड जवळजवळ तोलला जातो. नाताळच्या दिवसांत चेन्नईचा सूर्य पावणेसहाच्या सुमारास, म्हणजे मुंबईच्या सुमारे २० मिनिटे आधी मावळतो. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात संधिप्रकाशही झपाट्याने ओसरतो. हाती जेमतेम २० मिनिटे उरतात. म्हणून जागा दिवसाउजेडीच हेरून ठेवावी. ईशान्य मोसमी पाऊस रेंगाळला असेल तर खट्टू होऊ नये. ओल्या रस्त्यावर दिव्यांची प्रतिबिंबे अधिकच खुलतात.

झगमगाटात फोकस भरकटतो. ताऱ्याच्या कडेवर, जेथे उजेड आणि सावली भेटतात, तेथे मोबाईलच्या पडद्यावर बोट क्षणभर दाबून धरावे. बहुतेक फोनांत फोकस तेथेच स्थिरावतो. नंतर नक्षी दिसेपर्यंत उजेड कमी करावा. अंधुक प्रकाशात शटर अधिक वेळ उघडे राहते, हात किंचित हलला तरी चित्र पुसट होते. तेव्हा कोपर भिंतीला टेकवणे उत्तम. फ्लॅश मात्र बंदच असावा. तो कागदाच्या आतला मंद उजेड पुसून टाकतो, शिवाय प्रार्थनेत मग्न असलेल्यांना त्रास होतो तो वेगळाच.

घरातील गोठ्याचा देखावा टिपणे त्याहून अवघड. मूर्ती लहान असतात आणि कॅमेरा फार जवळ नेला की एकच मूर्ती स्पष्ट येते, बाकीच्या धूसर होतात. थोडे मागे सरावे. दिवा एका बाजूने ठेवला तर गवताची काडी न् काडी उठून दिसते. गव्हाणीतील बाळाची मूर्ती २४ डिसेंबरच्या मध्यरात्री ठेवण्याची प्रथा अनेक घरांत आहे. त्यामुळे संध्याकाळच्या छायाचित्रात मेंढपाळ, जनावरे आणि रिकामी गव्हाणी असते; बाळासाठी पुन्हा एकदा कॅमेरा हाती घ्यावा लागतो.