चिटणिसाचे काम

कोपरगाव,
दि. २३ जुलै

चि. भाचीस,


तुझे पत्र पोहोचले. अठरा जुलैस, मंडेलांच्या जन्मदिनी, तुमच्या विधी महाविद्यालयात तू केलेल्या भाषणाची प्रत सोबत होती, ती मी सावकाश वाचली. आणि पत्राच्या अखेरीस, हे परीक्षेचे वर्ष सोडून देऊन पूर्णवेळ चळवळीत पडावे असा जो विचार तू काहीशा संकोचाने कळविला आहेस, तोही वाचला. भाषण उत्तम आहे. विचाराविषयी मात्र मला सविस्तर लिहिणे प्राप्त आहे, आणि ते लिहिताना मी तुझ्याच भाषणाचा आधार घेणार आहे, म्हणजे मामा सरकारी नोकरीत मुरलेला, त्यास सगळ्याचेच भय वाटते, असे म्हणावयास तुला जागा उरणार नाही.

तुझ्या भाषणात रिव्होनिया खटल्यातील जन्मठेप आहे, रॉबेन बेटावरील चुनखडीची खाण आहे, १९८५ साली अध्यक्ष बोथांनी देऊ केलेली सशर्त सुटका नाकारल्याचा प्रसंग आहे, आणि १९९० च्या फेब्रुवारीत सत्तावीस वर्षांच्या बंदिवासानंतर बाहेर आलेला तो उंच, वृद्ध, प्रसन्न पुरुष आहे, ज्यास त्याच वर्षी आपल्या देशाने भारतरत्न अर्पण केले. वॉल्टर सिसुलूंच्या वाट्यास मात्र तुझ्याकडून अर्धेच वाक्य आले आहे. हा मनुष्य मंडेलांहून सहा वर्षांनी वडील, शिक्षण बेताचे, खाणीत आणि बेकरीत राबलेला, जोहान्सबर्ग शहरात नवख्या असलेल्या मंडेलांना वकिलाच्या कचेरीत उमेदवारी मिळवून देणारा, १९४९ साली आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचा सरचिटणीस झालेला, आणि १९६४ च्या जून महिन्यात त्याच न्यायासनासमोर तीच शिक्षा ऐकून त्याच बेटावर गेलेला. व्यासपीठावरून दिसतो तो नेता. परंतु ज्याच्या दप्तरावर ते व्यासपीठ उभे असते, तो चिटणीस इतिहासाच्या पुस्तकात शोधावा लागतो. तो शोधण्यासाठी तुला आफ्रिकेपर्यंत जाण्याचेही कारण नाही. आपल्या कोपरगावच्या बेटाजवळून वाहणाऱ्या गोदावरीच्या काठाकाठाने वर नाशकापर्यंत गेलीस तरी पुरे.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड, ज्यांस पुढे सारा महाराष्ट्र दादासाहेब म्हणू लागला, ते दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी १९०२ साली जन्मले. काळाराम मंदिराचा सत्याग्रह बाबासाहेबांच्या नावाने प्रसिद्ध आहे आणि ते यथार्थच आहे. परंतु मंदिर खुले न केल्यास आम्ही सत्याग्रह करू, असे पंचांना रीतसर कळविणाऱ्या समितीचे चिटणीस भाऊराव होते. २ मार्च १९३० रोजी परिषद भरली, दुपारी सुमारे मैलभर लांबीची मिरवणूक चौघाचौघांच्या रांगांनी मंदिराकडे निघाली, दरवाजे बंद आढळले, आणि लोक शांतपणे वळून गोदावरीच्या घाटावर सभेस गेले. दुसऱ्या दिवशी चारी दरवाज्यांवर बसण्यासाठी जी पहिली तुकडी गेली, तीत सव्वाशे पुरुष होते आणि पंचवीस स्त्रिया होत्या. त्या पंचवीस जणींकडे मी तुझे लक्ष मुद्दाम वेधतो, कारण तुझ्या भाषणात स्त्रियांचा उल्लेख केवळ कारागृहाबाहेर वाट पाहणाऱ्या पत्नी म्हणून आला आहे. पुढे रामनवमीस रथाच्या प्रसंगी दोन्ही पक्षांनी रथ ओढावा असा ठराव झालेला असताना तो मोडला गेला, दगडफेक झाली, डोकी फुटली.

हे सर्व कोणत्याही चरित्रात सापडेल. त्यात सहसा न सापडणारी गोष्ट अशी की, हा सत्याग्रह एका दिवसाचा वा एका महिन्याचा नव्हता. तो खंड पडत, पुन्हा उभा राहत वर्षानुवर्षे चालला, आणि त्या काळात बाबासाहेब बहुतांशी नाशकात नव्हते. ते गोलमेज परिषदेसाठी लंडनला होते, मुंबईत होते, न्यायालयात होते. खेड्यापाड्यांतून सत्याग्रही आणणे, त्यांच्या भाकरीची आणि निवाऱ्याची तजवीज लावणे, गावी ज्यांवर बहिष्कार पडला त्यांची दाद लावणे, वर्गणीचा हिशेब ठेवणे, आणि हे सर्व बाबासाहेबांस पत्राने कळवून त्यांचा सल्ला घेणे, एवढ्या कामासाठी नाशकात बसून राहणारा मनुष्य लागतो. बाबासाहेबांनी भाऊरावांना लिहिलेली पत्रे पुढे पुस्तकरूपाने आली आहेत. ती तू वाच. प्रत्येक पत्र कोणत्या तरी कामास उत्तर म्हणून लिहिलेले आहे हे ध्यानात ठेवून वाचलीस, तर समोरच्या मनुष्याचे अदृश्य श्रम तुला ओळीओळीत दिसू लागतील.

त्यांतील ३ मार्च १९३४ चे पत्र मला विशेष महत्त्वाचे वाटते. मूर्तिपूजेने समता येईल अशी आपली समजूत नव्हती, दलितवर्गास जागृत करण्याचा तो उत्तम मार्ग होता, तो हेतू साधला आहे, आता शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी, असा त्याचा आशय आहे. चार वर्षे ज्या दरवाज्यापुढे माणसे बसविली तेथून ती उठविण्यास सांगणारे हे पत्र एका चिटणिसाच्या हाती पडले, तेव्हा त्याच्या मनात काय आले असेल, हे मी पुष्कळदा स्वतःशी विचारले आहे. भाऊरावांनी शक्ती वळविली. पुढल्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, आपल्या शेजारच्या येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराचा निर्धार प्रकट केला. आणि १९३७ साली भाऊराव स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने मुंबईच्या विधिमंडळात गेले. काळारामाचे दार उघडण्यास मात्र १९४७ चा मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदा यावा लागला, आणि तोवर ज्यांनी ते ठोठावले होते त्यांतील पुष्कळांस आत जाण्याची इच्छा उरली नव्हती.

दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेष आणि आपल्याकडील अस्पृश्यता एकच होत, असे तू भाषणात म्हटले आहेस, ते मला मान्य नाही. तेथे १९१३ च्या भूमी कायद्याने बहुसंख्य कृष्णवर्णीयांसाठी देशाची शेकडा सातच्या आसपास जमीन राखली, पुढे १९३६ साली ती तेराच्या घरात नेली. खिशात परवाना बाळगण्याची सक्तीही कायद्याचीच. कायदा लिहिलेला असला की तो रद्द करा म्हणून मागता तरी येते. आपल्याकडे वेशीबाहेर राहावे हे कोणत्याही गॅझेटात छापलेले नव्हते, म्हणून ते रद्द करावयासही काही हाती लागत नव्हते. अपवाद एकच, आणि तो आमच्या महसूल खात्याचा: महार वतन. येसकराची काठी, तराळकी, रात्री-अपरात्रीची वेठ, आणि त्याच्या मोबदल्यात हाडोळ्याचा, म्हणजे वतनी जमिनीचा, तुकडा, हे वंशपरंपरागत हुद्द्यांच्या १८७४ च्या कायद्याने बांधलेले होते. बाबासाहेबांनी त्यात दुरुस्ती करणारे विधेयक १९२८ साली मांडले होते. वतने खालसा होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. महसुली आकाराच्या पटीत ठरलेली कब्जेहक्काची किंमत सरकारात भरून त्या जमिनी नव्या शर्तीने पुन्हा देण्यात आल्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येऊ नयेत अशा. मी अव्वल कारकून असताना ही शर्त गुंडाळून कवडीमोलाने जमिनी लाटण्याचे इतके प्रकार पाहिले, की एखाद्या फेरफाराची नोंद वाचणे हे मला अजूनही भाषणापेक्षा अधिक क्षोभकारक वाटते.

दादासाहेबांचा पुढचा लढा याच जमिनीसाठी झाला. १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, लाखांच्या संख्येने माणसे तुरुंगात गेली; त्यांत तुझे आजोबाही होते. आपल्या तालुक्यात पाटाच्या पाण्यावर ऊस डोलत होता, कमाल जमीनधारणेच्या कायद्याने साखर कारखान्यांची शेते सरकारकडे येऊन शेती महामंडळ स्थापन झाले होते, आणि त्याच शेतांवर मजुरी करणाऱ्या आपल्या लोकांना पाय टेकण्यापुरती भुई नव्हती. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याच्या नावे करा, ही त्या सत्याग्रहातील मागणी अर्जात बसण्याजोगी होती, म्हणूनच तिचे मोल मोठे होते. पुढे गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे जे प्रस्ताव माझ्या टेबलावरून गेले, त्यांत निकाली निघाले ते बहुत करून त्यांचेच, ज्यांच्यापाशी दंडाची एखादी पावती वा पीकपाहणीचा एखादा उतारा जपलेला होता.

दादासाहेबांवर टीकाही झाली. रिपब्लिकन पक्षातील शिकलेल्या मंडळींनी त्यांच्या धोतरावरून आणि अल्पशिक्षणावरून त्यांना हिणविले, आणि या भांडणातून पक्ष दुभंगला. ती टीका मला क्षुद्र वाटते. परंतु १९६७ साली त्यांनी काँग्रेसशी जो समझोता केला त्याने पक्षाची धार गेली, हा आक्षेप मला अद्याप खोडता आलेला नाही, आणि तो झाकून त्यांचे चरित्र तुझ्यापुढे ठेवणे मला योग्य वाटत नाही. १९७१ च्या डिसेंबरात ते दिल्लीत निवर्तले.

आता तुझा प्रश्न. चळवळीत जाऊ नकोस असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? जा, परंतु सनद हाती घेऊन जा. मंडेलांनी आणि त्यांचे सहकारी टांबो यांनी १९५२ साली वकिलीची कचेरी उघडली, तेव्हा परवान्यापायी, जागेपायी, हुसकावणीपायी नाडलेल्या माणसांनी तिचा जिना भरून जात असे. वकिलीने त्यांचे राजकारण मंदावले नाही. तुमच्या चळवळीत भाषण करणारे पुष्कळ असतील. तू सभेचा वृत्तान्त लिहिण्याचे, वर्गणीची पावती फाडण्याचे आणि आलेल्या पत्रास आठ दिवसांत उत्तर देण्याचे काम मागून घे. ते कोणी तुझ्याशी भांडून घेणार नाही. वर्षभर ते निभले, तर मग पूर्णवेळ पडण्याचा विचार आपण दोघे मिळून करू.

आणखी एक. हाडोळ्याच्या आपल्या तुकड्यावर आजोबांच्या मागे वारसांची नोंद व्हावयाची आहे. तुझ्या आईने हक्कसोड लिहून द्यावे असे भावकीत बोलले जात आहे. बहिणींनी तसे देण्याची रीतच पडली आहे. मला ती रीत मान्य नाही, आणि तिचे नाव उताऱ्यावर लागल्यावाचून मी स्वतःच्या नावाची नोंद करून घेणार नाही. अर्जाचा मसुदा तू तयार कर, सर्व वारसांची नावे व वये घाल, मृत्यूच्या दाखल्याची प्रत मी सोबत पाठविली आहे. दिवाळीपूर्वी तो तलाठ्याकडे दाखल होऊन पोच आपल्या हाती यावयास हवी. पोच घेतल्यावाचून परतू नकोस. तोंडी आश्वासनावर निघून आलेल्यांचे अर्ज मी माझ्या नोकरीत फार पाहिले आहेत.

तुझा,
मामा