गुराबेची प्रतिकृती

प्रश्न : मराठा आरमारातील गुराबेची लाकडी प्रतिकृती देखाव्यासह करावयाची आहे. प्रमाण व लाकूड कोणते घ्यावे?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : आपला जिल्हा समुद्रापासून दूर असला, तरी ज्या निजामशाही दौलतीची राजधानी अहमदनगर होती, तिचेच चौल हे नामांकित बंदर होते, तेव्हा आपला छंद अस्थानी नव्हे. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याच्या वर्णनानुसार दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची, तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांची, लांबीच्या मानाने रुंद, उथळ पाण्यात चालणारी आणि नाळेवरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफांनी सज्ज असे; म्हणून पुढे झेपावलेली निमुळती नाळ साधली नाही, तर बाकीचे कौशल्य व्यर्थ समजावे. प्रमाण फुटास पाव इंच ठेवावे, म्हणजे सहा फुटी खलाशी दीड इंचाचा होईल. सागवानाच्या ठळक रेषा लहान आकारात बेढब दिसतात, सबब हेदू किंवा शिवण निवडावे. आणि नगरकडील कोरड्या उन्हाळ्यात फळ्या आक्रसून सांधे उकलू नयेत, यासाठी लाकूड पूर्ण वाळल्यावाचून कामास घेऊ नये. देखाव्यात सांगाडा जलरेषेखाली दाखविण्याचे प्रयोजन नाही. प्रथम कागदावर पूर्णाकृती आराखडा काढावा, मगच करवतीस हात घालावा.